डोकं वर, नंबर समोर

सकाळी ताईंच्या हातून कप पडून फुटला आणि घरात कुणी काही बोललं नाही. एरवी या घरात चमचा पडला तरी त्यावर दोन्ही बाजूंनी भाष्य होतं. नवऱ्याने मुकाट्याने तुकडे गोळा केले, सासूबाईंनी वर्तमानपत्रातून नजर काढली नाही, आणि तेवढ्यावरून ताईंनी ओळखलं की आपला उजवा हात बधिर होतो हे आता गुपित राहिलेलं नाही.

"निसटला," त्या म्हणाल्या.

"कपाचाच दोष," नवरा म्हणाला. "हल्ली कप फार चंचल झालेत. परवा बरणीनेही असंच केलं."

"डॉक्टरकडे जाईन म्हटलंय ना मी."

"म्हटलंयस खरं. नुसतं म्हणण्यात तुझा हात कोण धरणार?"

सासूबाई खुर्चीतून उठल्या. उठल्या म्हणजे आधी वॉकर पुढे ओढला, त्याच्या दोन्ही दांड्या पकडल्या, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि मग उभ्या राहिल्या. सासूबाई अंगाने भरभक्कम होत्या. त्यांना आधार देणं हे आधार देणाऱ्याचीच परीक्षा बघणारं काम होतं. टक, पाऊल, टक, पाऊल असं करत त्या खिडकीकडे निघाल्या. ताईंच्या कारखान्यात या वॉकरचे निळे सांधे बनायचे, नळ्या एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे सांधे. जुना वॉकर कुरकुरतो म्हणून महिन्यापूर्वी सासूबाईंनी हट्टाने नवा मागवून घेतला होता. कुणी भेटायला आलं की त्या वॉकर थोपटून सांगायच्या, "आमची सूनबाई पास करते तेव्हाच हे बाहेर पडतं. तिने ओढून बघितलेलं आहे."

"मी वॉकर ओढत नाही, आई. नमुने ओढते," ताई दरवेळी सांगायच्या.

"तेच ते," सासूबाई म्हणायच्या.

कामावर निघताना ताईंना बसथांब्यावर उभं राहवेना. दोनदा बस आली का बघितलं, तिसऱ्यांदा सरळ चालू लागल्या. चालताना अंगठ्याने बाकीची बोटं एकेक करून दाबून बघत होत्या. करंगळीला कळायचं, तिच्या शेजारणीला अर्धवट कळायचं, बाकीच्यांचा आनंदीआनंद होता. समोरून येणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडे वळून बघितलं, तेव्हा आपण रस्त्यात बोटं मोजत चाललोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात पर्समध्ये खुपसला.

जिवाची घालमेल व्हायला कारणही तसंच होतं. आज दुपारी त्यांच्या हातातलं मशीन जाणार होतं.

ताईंचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. साचेखात्यात सांधे ओतताना त्याच प्लास्टिकच्या काही पट्ट्याही ओतल्या जात. पट्टी दोन्ही टोकांना रुंद, कमरेत बारीक. ती प्रयोगशाळेत आणायची, ठरावीक गारव्यात दोन दिवस मुरू द्यायची, मग मशीनच्या दोन जबड्यांत उभी धरायची. वरचा जबडा सावकाश वर जातो, खालचा जागचा हलत नाही, आणि मधल्या पट्टीची ओढाताण सुरू होते. पडद्यावर रेघ चढत जाते. मग कंबर पांढुरकी पडते, लांबते, लांबतच जाते आणि एकदम फाट् करून तुटते. किती जोर सोसला ते लिहायचं आणि दुसरी लावायची. उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे. ताई मुळात उतावळ्या; या कामाने त्यांना वीस-बावीस वर्षांत माणसात आणलं, असं नवरा म्हणायचा.

पट्टी कमरेत तुटली तर ती हिशेबात धरायची. जबड्याच्या दातांपाशी तुटली तर ती धरायची नाही, कारण तिथे प्लास्टिक हरलेलं नसतं, जबड्याने त्याला चावलेलं असतं. असा तुकडा बिनमहत्त्वाचा. तो न बघता मशीनखालच्या बादलीत टाकायचा, दुसरी पट्टी घ्यायची आणि पाच चांगल्या मिळेपर्यंत चालू ठेवायचं. हा नियम पुस्तकातच होता. जगात सगळीकडे हेच करतात.

आणि गेले दोन-अडीच महिने पट्ट्या वरच्या जबड्यात तुटत होत्या. सगळ्या नव्हे, पण पाच चांगल्या मिळवायला आठ-दहा खर्ची पडू लागल्या. आधी जबड्यावर खापर फुटलं. दात झिजले असतील म्हणून घासले. मग जबडाच नवा बसवला. नवा जबडाही तसाच वागला. मग प्रयोगशाळेतल्या लोकांच्या नजरा जबड्यावरून जबडा आवळणाऱ्या हाताकडे सरकल्या. जबडा हाताने चाक फिरवून आवळायचा असतो. कमी आवळला तर पट्टी निसटते, जास्त आवळला तर चिरडते. किती आवळायचा हे हाताला कळावं लागतं. आणि ताईंच्या हाताला कळेनासं झालं होतं, तेही नेमकं दोन-अडीच महिन्यांपासूनच.

कारखान्यात हे फक्त ताईंनाच माहीत होतं, पण चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी काल त्यांना बोलावलं तेव्हा त्या उभ्यानेच ऐकत राहिल्या. साहेब वयाने लहान, भला माणूस, बोलताना त्यांना टाचणी नाहीतर पेन्सिल असं काहीतरी हातात लागायचं.

"ताई, राग मानू नका. उद्या दुपारी सावकाशला पट्ट्या लावू द्या. तुम्ही नुसत्या बघा. त्याच्या हातून नीट तुटल्या तर मशीन त्याच्याकडे देऊ. तुम्ही अहवाल बघा. खुर्ची आहे, टेबल आहे, हीटर पण ठेवू."

"हीटर," ताई म्हणाल्या.

"गारव्यात बसून बसून तुम्हालाही त्रास होत असेल," साहेब म्हणाले, आणि त्यांना काही तरी ठाऊक आहे की नुसतं चांगुलपणाने म्हणतायत, हे ताईंना रात्रभर उलगडलं नाही.

सावकाश हा त्यांचा सहकारी. खरं नाव पगारपत्रकावर असेल. जिना चढताना प्रत्येक पायरीचा विचार करणारा माणूस. त्याला ताईंनीच शिकवलेलं. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि याचाच ताईंना राग होता.

आज ताई सगळ्यांच्या आधी पोचल्या. अंगात स्वेटर चढवला, कारण त्या खोलीत बारा महिने तीच थंडी, आणि मशीन सुरू केलं. त्यांना दुपारपर्यंत थांबायचं नव्हतं. दोष हाताचा असेल तर तो दुसऱ्यांसमोर कळण्याआधी एकट्यात कळू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुणाशी म्हणणं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ट्रेमधून पहिली पट्टी घेतली. पट्टी साच्यातून निघते तेव्हा एका टोकाला, जिथून प्लास्टिकचा गरम रस आत शिरतो तिथे, देठासारखा खुंट राहतो. तो मोडून टाकला की तिथे बोटाला खरखर लागते. हे पट्टीचं डोकं. दुसरं गुळगुळीत टोक म्हणजे पाय. पट्टीचा नंबर डोक्यावर लिहायचा आणि पट्टी लावताना डोकं वर ठेवायचं, म्हणजे मशीनसमोर उभ्या माणसाला मान वाकडी न करता नंबर वाचता येतो. 'डोकं वर, नंबर समोर' हा धडा ताईंचा. नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी हा धडा पढवायच्या, आणि कुणी उलटी पट्टी लावली तर म्हणायच्या, "अहो, तिला शीर्षासन कशाला घालताय?"

पहिली पट्टी त्यांनी डाव्या हाताने आवळली. वरच्या जबड्यात तुटली. दुसरी उजव्याने, अगदी हलकेच. ती कमरेत तुटली, नीट. तिसरी तशीच हलकेच आवळली. ती पुन्हा वर तुटली. ताईंनी तुकडे बादलीत फेकले. पाय खोलीभर फिरून आले. खिडकी उघडायला गेल्या, या खोलीची खिडकी उघडत नाही हे आठवून परत आल्या. पाणी प्यायल्या. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, आणि पेला असा धरणाऱ्या बाईला मशीन कोण देईल, असं मनात येऊन त्यांना स्वतःचीच चीड आली.

"लवकर आलात," दारातून सावकाश म्हणाला.

"झोप येत नव्हती."

"मलाही." तो डबा ठेवायला गेला, ठेवून परत आला, तोवर चौथी पट्टी ओढून होत आली होती. "ताई, मी साहेबांना सांगितलंय, मला मशीन नको म्हणून."

"का? दया आली माझी?"

"नाही हो. माझ्याही हातून वरच तुटतात. तुम्ही सुट्टीवर होतात त्या दिवशी मी लावल्या होत्या. तीन गेल्या बादलीत." त्याने मानेने बादली दाखवली. "मला वाटलं, मला जमत नाही. म्हणून बोललो नाही."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. दोन माणसं एकाच खोलीत, दोघंही आपापल्या हाताला लाज वाटून गप्प. हसावं की याच्या पाठीत धपाटा घालावा हे न ठरल्याने त्यांनी पाचवी पट्टी उचलली, आणि ती बोटांतून सुटून खाली पडली.

सावकाश वाकला नाही. वाकला असता तर ताईंना ते सहन झालं नसतं, एवढं त्याला कळत होतं. ताईंनी स्वतः पट्टी उचलली, रागारागात जबड्यांत सरकवली, वर आवळली, खाली आवळली आणि बटण दाबलं. दोघंही पडद्यावरची रेघ चढताना बघत राहिले.

फाट् झालं. वरचा जबडा पट्टीचा बहुतेक सगळा ऐवज घेऊन वर गेला. पट्टी खालच्या जबड्यात तुटली होती.

"खाली?" सावकाश म्हणाला. "खाली कधी तुटत नाही."

ताई खालच्या जबड्याशी वाकल्या. दातांतून बाहेर आलेल्या तुकड्यावर पांढऱ्या शाईतला नंबर होता आणि तो उलटा होता. पडल्यावर उचलताना त्यांच्या बधिर बोटांनी पट्टीची टोकं बदलली होती. बोट फिरवून खरखर कुठे आहे ते कळण्याइतकं भान त्या बोटांत उरलंच नव्हतं. धडा पढवणाऱ्या बाईंनी स्वतःच पट्टीला शीर्षासन घातलं होतं.

त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"ताई?"

"दुसरी दे. डोकं खाली करून लाव. तू लाव."

सावकाशने लावली. ती कमरेत तुटली. त्यापुढची खालच्या जबड्यात तुटली. मग त्यांनी एक सरळ लावली, ती वर तुटली. एक उलटी, ती खाली. कधी ताईंनी आवळलं, कधी सावकाशने, एकदा तर वरचं चाक एकाने आणि खालचं दुसऱ्याने. पट्टी जिकडे डोकं तिकडे तुटत होती. जबडा कुठला, हात कुणाचा, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. इतके दिवस सगळ्या पट्ट्यांचं डोकं वरच होतं, म्हणून वरचा जबडा बदनाम झाला आणि त्यापाठोपाठ ताईंचा हात.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांना ते आवडलं.

सावकाशने बादलीतला एक तुकडा उचलून दिव्याखाली धरला. बादलीतला तुकडा बघायची पद्धतच नव्हती, त्यामुळे हे काम तो जरा चोरट्यासारखं करत होता. तुटलेल्या तोंडावर मधोमध मोहरीएवढा एक निस्तेज दाणा दिसत होता. दुसरा तुकडा घेतला, त्यातही. "वितळलेलाच नाहीये हा. रस सोडायच्या तोटीच्या तोंडाशी थंड झालेला खडा असणार, तो तसाच आत जातोय. साचेखात्याने तोटी बदलली ना, तेव्हापासून."

"कधी बदलली?"

"झाले दोन-अडीच महिने."

पण ताईंचं लक्ष अर्धंच होतं. त्यांना हसू येत होतं, आणि ते दाबायची काही गरज नाही हे लक्षात आल्यावर त्या मोकळेपणी हसल्या. मशीन कुठे जात नव्हतं. खुर्ची नको, टेबल नको, तो मेला हीटर तर नकोच नको. साहेब यायला अजून वेळ होता. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी फोन काढला आणि बाहेर बोळात जाऊन घरी लावला.

"अहो, हाताचा दोष नव्हता. ऐकताय ना? माझ्या हाताचा काही दोष नव्हता."

"मग कपाचाच होता का?" नवरा म्हणाला.

"चेष्टा नको. पट्टीतच खोट आहे. जिथून रस आत शिरतो तिथे ती कच्ची राहते. आम्ही बापडे जबडा बदलत बसलो. माझं मशीन माझ्याकडेच राहणार, कळलं?"

 नवरा म्हणाला, "बरं वाटलं गं. खरंच बरं वाटलं. तू झोपेत मूठ उघडझाक करत होतीस. मी बघत होतो." पुढे तो म्हणाला, "तरी डॉक्टरकडे जायचंच आहे. थांब, आईला सांगतो. आई, अगं इकडे ये, तुझ्या सुनेची बातमी आहे."

फोनमध्ये दुरून आवाज आला. टक. मग पाऊल. मग टक.

ताई हसतच ऐकत होत्या. पुढचा टक ऐकला आणि त्यांचं हसू तोंडावरच राहून गेलं.

सांध्यालाही डोकं असतं. त्याच खात्यातला साचा, तीच तोटी, तोच दाणा. सांध्यात रस शिरतो तो नेमका नळी बसते त्या खोबणीपाशी, जिथे माणसाचा सगळा भार येतो. जबड्यात तुटलेली पट्टी जबड्याने चावलेली नव्हतीच. ती खरोखर तुटली होती. मोजायच्या होत्या त्या याच पट्ट्या, आणि ताईंनी त्या एकेक करून, न बघता, नियमाप्रमाणे बादलीत टाकल्या होत्या. चांगल्या पाच मिळेपर्यंत ओढत राहिल्या, मिळाल्या की पास म्हणून सही केली, आणि निळे सांधे गाड्या भरभरून बाहेर गेले. सकाळपासून, नव्हे दोन-अडीच महिन्यांपासून त्या मनात एकच धोशा लावून बसल्या होत्या की दोष प्लास्टिकचा निघू दे, माझ्या हाताचा नको. निघाला होता प्लास्टिकचा.

टक.

"अहो," त्या म्हणाल्या. "आईंना तिथेच थांबवा."

"काय?"

"वॉकर सोडायला सांगा. नको, सोडायला नको, आधी तुम्ही जाऊन धरा त्यांना. खुर्ची लावा मागे. फोन ठेवा आणि जा."

"अगं झालं काय?"

"जा म्हणतेय ना."

त्याने फोन टेबलावर टाकल्याचा आवाज झाला. त्यानंतर काही ऐकू येईना. ताईंनी फोन कानात रुतेल इतका दाबला. बोळाच्या भिंतीला पाठ टेकली आणि उजव्या हाताने स्वेटरची कड घट्ट पकडली, म्हणजे पकडली असावी. हाताला काही कळत नव्हतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी जड श्वास टाकला. मग फोन कुणीतरी उचलला.

"बसले बाई मी," सासूबाई म्हणाल्या. "याने तर मला पोत्यासारखं उचललं. आता सांग, काय झालं?"

 ताईंचे डोळे भरून आले आणि ते भरू देण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

"आई, तो वॉकर वापरू नका."

"का? चांगला तर आहे. तूच पास केलेला."

"हो," ताई म्हणाल्या. "मीच केलाय."

 सासूबाईंचं वय झालं होतं, पण अक्कल गेली नव्हती.

"असे किती गेले गं बाहेर?" त्यांनी विचारलं.

 ताई नंतर फोन करते म्हणाल्या आणि आत आल्या. सावकाश अजून दिव्याखाली तुकडे बघत होता. त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या तुकड्याकडे, मग बादलीकडे, आणि त्यालाही ते कळलं. त्याला कळायला वेळ लागतो असं ताईंना आजवर वाटायचं.

"साहेबांनी माझी परीक्षा दुपारी ठेवली होती ना," ताई म्हणाल्या. "ती आत्ता देऊन येते. ते आले असले तर ठीक, नसले तर त्यांना फोन करू. आधी गाड्या थांबवायला हव्यात."

त्यांनी बादलीची कडी उजव्या हाताने उचलायला घेतली. बादली काठोकाठ भरलेली होती. कडी बोटांतून निसटली, दोन-चार तुकडे फरशीवर सांडले. ताई ते वेचायला खाली बसल्या आणि एकही तुकडा मागे राहू दिला नाही. सावकाशने कडीला एका बाजूने हात घातला, दुसरी बाजू ताईंनी डाव्या हाताने धरली, आणि दोघं बोळात निघाले.

"सावकाश," बादली हिंदकळली तेव्हा ताई सवयीने म्हणाल्या.

पण तो ऐकत नव्हता. तो जवळजवळ पळत होता, आणि त्याच्याबरोबर पाय उचलता उचलता ताईंना धाप लागली.